विमानाच्या इंजिनाचा वास मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा: विमानतळालगतच्या मुंबईकरांसाठी

विमानतळाच्या कुंपणालगत राहणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते: "विमान उडालं की घरात रॉकेलचा वास भरतो." तक्रार खरी आहे, पण बोट चुकीच्या विमानाकडे जातं. गर्जना करत धावपट्टीवरून सुटणाऱ्या विमानाच्या इंजिनात इंधन जवळजवळ पूर्ण जळतं. वास येतो तो त्याच्या मागे, इंजिनं मंद ठेवून पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या विमानांमधून. एवढं ध्यानात ठेवलं की मोजायचं काय ते कळतं आणि मागायचं काय तेही. जरीमरी, कुर्ला, कालिना, वाकोला, मरोळ, विलेपार्ले इथल्या कुठल्याही सोसायटीतल्या चार-पाच जणांनी मनावर घेतलं, तर महिना-दोन महिन्यांत, फारसा खर्च न करता हे काम होतं. कसं, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वास नेमका कशाचा?

विमानात भरतात ते जेट ए-१ हे रॉकेलच्याच जातीचं इंधन. घरी पंपाचा स्टो असलेल्यांना आठवत असेल: बर्नर तापेपर्यंत धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास, निळी ज्योत लागली की वास बंद, आणि स्टो विझवताना पुन्हा एक भपकारा. इंजिनातही कारण तेच. मंद गतीत ज्वलनकक्षातला दाब आणि तापमान कमी असतं, इंधनाचे थेंब पुरेसे बारीक फुटत नाहीत, आणि कडेच्या थंड हवेत ज्वलन अर्ध्यावरच थांबतं. अर्धवट जळलेलं ते इंधन बाहेर पडतं आणि नाकाला कळतं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, इंजिनाच्या उत्सर्जनाची चाचणी कुठल्या चक्राने घ्यायची ते ठरवून देते. त्यात उड्डाण पूर्ण जोरावर ०.७ मिनिटं, चढण ८५ टक्क्यांवर २.२ मिनिटं, उतरण ३० टक्क्यांवर ४ मिनिटं आणि जमिनीवर फिरणं फक्त ७ टक्के जोरावर तब्बल २६ मिनिटं धरलेलं आहे. न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा बहुतांश वाटा या २६ मिनिटांत तयार होतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं उलटं आहे: ते जोर लावल्यावर वाढतात. म्हणून नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा बघून वासाचा अंदाज बांधायला जाऊ नका.

वासातले मुख्य घटक म्हणजे अल्डिहाइड, काही सेंद्रिय आम्लं आणि बेंझिनच्या कुळातली संयुगं. अमेरिकेच्या पर्यावरण आणि विमान वाहतूक यंत्रणांनी २००९ मध्ये टर्बाइन इंजिनांच्या सेंद्रिय वायूंचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात वजनाने सुमारे १२ टक्के फॉर्मल्डिहाइड, ४ टक्के ऍसिटाल्डिहाइड आणि अडीच टक्क्यांच्या आसपास ऍक्रोलिन आहे. ऍक्रोलिन म्हणजे तेल जळल्यावर कढईतून उठणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वायू. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे. पण वास जास्त म्हणजे धोका जास्त, असं सरळ गणित नसतं, म्हणून तक्रारीत या दोन गोष्टी वेगळ्या मांडा.

पहिली पायरी: वासांची ओळख आणि वाऱ्याचा नकाशा

मोजणीला बसण्याआधी सगळ्यांचं नाक एका भाषेत बोलायला हवं. विमानतळाकडून येणारे वास तीन तऱ्हेचे. कच्च्या रॉकेलचा गोडसर, तेलकट वास इंधन भरताना किंवा इंजिन सुरू होताना येतो. जळका, आंबूस, डोळ्यांना लागणारा वास मंद चाललेल्या इंजिनांचा. आणि तापलेल्या वंगणाचा जड वास कधीमधी, बहुतेक इंजिनाची चाचणी चालू असताना. तक्त्यात यांना क, ज आणि व अशी अक्षरं द्या.

पण आपल्या भागात नाकाला चकवणारं बरंच काही आहे. मिठी नदी विमानतळाच्या पोटातूनच वाहते, आणि भरती-ओहोटीप्रमाणे तिचा सडक्या अंड्यासारखा वास कुर्ला-कालिन्याकडे येतो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचे डिझेल ट्रक, लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, कचऱ्याला लावलेली आग, आणि दक्षिण-पूर्वेचा वारा असला तर माहूलच्या तेलटाक्या आणि रिफायनऱ्याही. यांच्यासाठी 'इतर' हा रकाना ठेवाच आणि तो प्रामाणिकपणे भरा. सगळा वास विमानांच्या माथी मारणारा तक्ता पहिल्याच बैठकीत बाद होतो.

आता नकाशा. मुख्य धावपट्टी ०९/२७ पूर्व-पश्चिम आहे. वर्षाचा बराचसा काळ विमानं घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या दिशेने उडतात; अशा वेळी 'धावपट्टी २७' वापरात आहे असं म्हणतात. म्हणजे उड्डाणाची रांग पूर्वेच्या टोकाला, जरीमरी-कुर्ल्याच्या बाजूला लागते. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटला की त्या रांगेचा धूर थेट जरीमरी आणि कुर्ल्याच्या घरांवर जातो. हिवाळ्यात पहाटे उलटं: ईशान्येकडून येणारा जमिनीवरचा मंद वारा तोच धूर कालिना, वाकोला, सांताक्रूझकडे ढकलतो, आणि वर उबदार हवेचं झाकण असल्यामुळे तो विरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे पाच ते नऊ ही वेळ सर्वात वाईट असते, ती याच कारणाने. दुसरी धावपट्टी १४/३२ चालू असेल त्या दिवशी हे चित्र बदलतं, म्हणून रोज कुठली धावपट्टी वापरात आहे ते टिपा.

वाऱ्याची नोंद फुकट मिळते. विमानतळाचा हवामान अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, दर अर्ध्या तासाने निघतो. मुंबईचं संकेतनाम व्हीएबीबी. त्यात '०४००३केटी' असा तुकडा दिसला तर वारा ४० अंशांवरून, म्हणजे ईशान्येकडून, ३ नॉट वेगाने येतो आहे. दिशा वारा जिथून येतो ती लिहिलेली असते, जातो ती नव्हे. नवखे इथे हमखास अडखळतात. वेळ ग्रिनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.

दुसरी पायरी: नाकांची निवड

चार ते सहा माणसं पुरेत. फार तीक्ष्ण नाकाची माणसं शोधू नका, तशी फार बोथट नाकाचीही नकोत. युरोपातल्या वासमापनाच्या प्रयोगशाळा निवडीसाठी एन-ब्युटॅनॉल हे वासाचं अल्कोहोल वापरतात आणि ज्याला ते अब्जात २० ते ८० भाग या पट्ट्यात कळतं त्यालाच वास घेणाऱ्यांच्या मंडळात घेतात. आपल्याला ते घरी जमणार नाही. त्याऐवजी आठवडाभर सगळ्यांनी एकाच गच्चीवर, एकमेकांना न दाखवता नोंदी करा, आणि ज्याच्या नोंदी कायम सगळ्यांच्या वर किंवा खाली जातात त्याला लिखापढीचं काम द्या. मोजणीआधी अर्धा तास चहा-कॉफी, पान, तंबाखू नको. अत्तर, गजरा आणि डोक्याला सुगंधी तेलही नको. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी.

तिसरी पायरी: दहा मिनिटांची मोजणी

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. पद्धत जर्मनीत रुळलेली, नंतर युरोपीय मानकात गेलेली. एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि दर दहा सेकंदांनी एकदा वास घेऊन फक्त हो किंवा नाही लिहायचं, हो असेल तर कुठल्या तऱ्हेचा तेही. म्हणजे ६० नोंदी. त्यातल्या सहा किंवा जास्त 'हो' असतील तर तो तास वासाचा तास धरतात. मोबाइलवर दहा सेकंदांचा गजर लावला की दुसरं काही लागत नाही.

एक पान कसं दिसेल ते बघा. समजा जानेवारीतली सकाळ, कालिन्यातली पाचव्या मजल्यावरची गच्ची, वेळ ७:१० ते ७:२०. वारा ईशान्येकडून ३ नॉट, धावपट्टी २७. पहिल्या दोन मिनिटांत १२ पैकी १२ 'नाही'. तिसऱ्या मिनिटापासून 'ज' सुरू होतो, पाचव्यापर्यंत सलग येतो, मग तुटकतुटक, आणि नवव्या मिनिटाला एकदाच 'इतर', खालच्या रस्त्यावरच्या टेम्पोचा. एकूण ६० पैकी २३ 'ज'. शेजारी एक ओळ: त्या वेळी रांगेत किती विमानं होती. फ्लाइटरडारसारख्या ऍपवर जमिनीवरची विमानं दिसतात. मोजणी सुरू होताना आणि संपताना पडद्याचं चित्र जपून ठेवा. रांगेतली विमानं आणि 'ज'च्या नोंदी यांचा मेळ बसतो की नाही, हेच या सगळ्या खटाटोपातून बघायचं आहे.

दहा मिनिटांहून जास्त वेळ एका दमात मोजू नका. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं आणि खोटं 'नाही' सांगू लागतं. पुन्हा मोजायचं तर आत जाऊन किमान पंधरा मिनिटं थांबा. मोजणीच्या वेळा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. वास आला म्हणून गच्चीवर धावलात तर टक्केवारी फुगते. आठवड्याचे वार, सकाळ-दुपार-रात्र, सगळ्यांना सारखी संधी हवी. आणि गच्ची, खिडकी, सोसायटीचं आवार एवढ्याच जागा वापरा. कुंपणाजवळ फिरणं किंवा ड्रोन उडवणं पूर्ण टाळा. ते बेकायदा आणि धोक्याचं आहे.

तीव्रता लिहायची असेल तर ० ते ६ ची पट्टी आहे: ० म्हणजे काहीच नाही, ३ म्हणजे स्पष्ट, ६ म्हणजे असह्य. पण माझं मत विचाराल तर तीव्रतेपेक्षा वारंवारिता जास्त जपा. १९७० च्या दशकात डिझेलच्या वासासाठी आर्थर डी. लिटल या अमेरिकी संस्थेने एक सूत्र बसवलं. त्यात वासाची तीव्रता ही धुरातल्या ऑक्सिजनयुक्त घटकांच्या लॉगॅरिदमवर चालते. म्हणजे धूर दहापट कमी झाला तरी त्या सूत्राच्या पट्टीवर एकच पायरी उतरते, आणि निम्मा झाला तर फक्त ०.३. विमानतळाने खरोखर निम्मं उत्सर्जन कमी केलं तरी "अजून तेवढाच वास येतो" असं लोक म्हणतील आणि दोन्ही बाजू खऱ्या असतील. वासाच्या तासांची संख्या मात्र अशा बदलाने घटलेली दिसते. जर्मनीच्या नियमात निवासी भागात वर्षातल्या १० टक्के तासांपर्यंत वास चालतो, औद्योगिक भागात १५ टक्के. आपल्याकडे वासाला कायद्याने बांधलेली अशी संख्या नाही, तरी चर्चेत मापदंड म्हणून १० टक्के पुढे ठेवायला हरकत नाही.

चौथी पायरी: यंत्रं, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

बाजारात मिळणारं स्वस्त पीएम २.५ यंत्र इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. जेट इंजिनाचे कण बहुतेक ३० नॅनोमीटरपेक्षा बारीक असतात आणि प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणाऱ्या या यंत्रांना ते दिसतच नाहीत. यंत्र हिरवं दाखवतं आणि घरात नाकाला झोंबत असतं, ते याचमुळे. अतिसूक्ष्म कणांची संख्या मोजणारं यंत्र महाग असतं, पण विमानाच्या धुराचा माग काढायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं साधन नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून वारा ज्या बाजूला जातो त्या, म्हणजे वाऱ्याखालच्या, भागात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कणांची संख्या १६ किलोमीटरपर्यंत दुप्पट आढळली होती. एखाद्या महाविद्यालयाच्या पर्यावरण विभागाकडून आठवडाभरासाठी ते मिळालं तर सोडू नका.

सेंद्रिय वायू मोजणारं हातातलं पीआयडी यंत्र भाड्याने मिळतं. त्यातल्या दिव्याचा प्रकाश वायूच्या रेणूंना विद्युतभारित करतो आणि यंत्र तो भार मोजतं. नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि फॉर्मल्डिहाइडला त्याहून जास्त ऊर्जा लागते, म्हणून ते त्याला कळतच नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेतही त्याचा आकडा पडतो. कच्च्या रॉकेलच्या वाफेसाठी वापरा, जळक्या वासाचा पुरावा म्हणून नको.

अल्डिहाइडसाठी सरळ मार्ग म्हणजे ते पकडून ठेवणारं रसायन भरलेली डीएनपीएच नळी: छोट्या पंपाने ठरावीक हवा तिच्यातून ओढायची आणि नळी प्रयोगशाळेत द्यायची. देण्याआधी विचारा की ही चाचणी त्यांच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या यादीत आहे का. नुसता प्रयोगशाळेला शिक्का असून भागत नाही. नमुने जोडीने घ्या, एक वाऱ्याखाली आणि त्याच वेळी एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला. फरक हाच तुमचा पुरावा, एकट्या आकड्याला अर्थ नाही.

प्रयोगशाळेत नाकांच्या मंडळाकडून वास मोजण्याला ऑल्फॅक्टोमेट्री म्हणतात. पिशवीत भरलेली हवा आधी शुद्ध हवेने खूप पातळ करून द्यायची, मग पातळपणा कमी करत जायचा आणि मंडळातल्या निम्म्यांना वास कळू लागेल तिथे थांबायचं. युरोपीय मानकात एक वास-एकक म्हणजे एक घनमीटर हवेत १२३ मायक्रोग्रॅम एन-ब्युटॅनॉल इतकं जाणवणं, आणि नमुना ३० तासांच्या आत तपासायचा असतो. धुराड्याशी घेतलेल्या नमुन्याला ही पद्धत उत्तम. गच्चीवरच्या विरळ हवेला ती चालत नाही, पिशवीचा स्वतःचा वासच वरचढ ठरतो. सोसायटीने यावर पैसे घालू नयेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर टी-२, कुर्ला, विलेपार्ले पश्चिम या केंद्रांचे आकडे मिळतात, ते सोबत जोडा. राष्ट्रीय हवा मानकांत, जी २००९ ची आहेत, बेंझिनला वर्षाच्या सरासरीत घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, अल्डिहाइडना नाही.

पाचवी पायरी: मागायचं काय

इंजिनाची रचना बदलणं सोसायटीच्या हातात नाही आणि विमानतळाच्याही नाही. कारखान्यांनी ते काम केलेलं आहे. मंद गतीत इंधन फवारणाऱ्या सगळ्या तोट्यांऐवजी थोड्याच तोट्यांतून ते सोडायचं, म्हणजे तिथलं मिश्रण घट्ट राहून नीट जळतं. किंवा जादा हवेने थेंब बारीक फोडायचे. या युक्त्या नासाच्या १९७० च्या दशकातल्या स्वच्छ ज्वलन कार्यक्रमापासून तपासल्या गेल्या, आणि आजची इंजिनं त्या काळच्या इंजिनांपेक्षा मंद गतीत कितीतरी स्वच्छ आहेत. उरलेला वास मुख्यतः वेळेचा प्रश्न आहे: इंजिन जमिनीवर किती मिनिटं मंद चाललं. म्हणून मागणी मिनिटांची करा.

सगळ्यात मोठा फायदा रांग लहान करण्यात आहे. पाळी येईपर्यंत विमानाने टर्मिनलच्या दाराशीच, इंजिन बंद ठेवून थांबायचं. मुंबईत ए-सीडीएम नावाची समन्वयाची पद्धत याचसाठी वापरतात. विचारायचा प्रश्न असा: सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळच्या गर्दीत दारापासून उड्डाणापर्यंत सरासरी किती मिनिटं लागतात, आणि गेल्या वर्षी किती लागत होती? हा आकडा त्यांच्याकडे असतोच.

दुसरी मागणी एका इंजिनावर फिरण्याची. दोन इंजिनांच्या विमानाने एकच चालू ठेवलं की उत्सर्जन निम्म्याच्या आसपास येतं, शिवाय चालू इंजिनाला थोडा जास्त जोर लावावा लागल्याने तेही जरा स्वच्छ जळतं. मर्यादा खऱ्या आहेत: उड्डाणाआधी दुसरं इंजिन काही मिनिटं तापवावं लागतं, उतरल्यावर थंड करावं लागतं, ओल्या पट्टीवर किंवा चढावर वैमानिक नकार देऊ शकतो आणि तो त्याचा अधिकार आहे. म्हणून सक्ती मागू नका, किती टक्के फेऱ्यांत हे होतं त्याची जाहीर आकडेवारी मागा. आकडा जाहीर झाला की तो सुधारण्याचं दडपण आपोआप येतं.

तिसरी, शेपटीतल्या छोट्या इंजिनाची. उभ्या विमानात वीज आणि थंड हवा त्यातून येते. दाराशी जमिनीवरची वीज आणि थंड हवा जोडली की ते बंद ठेवता येतं. जोडणी असूनही उन्हाळ्यात थंड हवा पुरत नाही म्हणून ते चालू ठेवलं जातं का, हे नेमकं विचारा. सहार आणि मरोळच्या रहिवाशांसाठी ही मागणी पहिली असायला हवी.

टॅक्सीबॉट नावाचा ट्रॅक्टर विमानाला इंजिन बंद ठेवून धावपट्टीपर्यंत ओढत नेतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत ए-३२० जातीचं प्रवाशांनी भरलेलं विमान तसं नेलं होतं. मुंबईत एकाच मुख्य धावपट्टीवर दिवसाला हजाराच्या घरात ये-जा होते आणि मोकळी जागा फार कमी, त्यामुळे ट्रॅक्टर सोडून परत आणायचा कुठून, हा खरा अडसर आहे. मागणीत लिहा, पण तिच्यावर सगळा भर टाकू नका.

कालिन्याच्या बाजूला हँगर आहेत. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघावंच लागतं. तुमच्या तक्त्यात 'व' रात्री ठरावीक वेळी येत असेल, तर चाचणीची जागा आणि वेळ वाऱ्याप्रमाणे ठरवा, एवढं मागणं रास्त आहे.

पत्र कुणाला? विमानतळ चालवणारी कंपनी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांना एकच पत्र. इंजिनाच्या उत्सर्जनाचे नियम महासंचालनालयाकडे असल्याने प्रदूषण मंडळ एकटं फारसं काही करू शकत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अहवाल विमानतळाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो मिळवा आणि त्यात वासाबद्दल, हवेबद्दल काय कबूल केलं आहे ते वाचा. मिळाला नाही तर महासंचालनालय, विमानतळ प्राधिकरण आणि प्रदूषण मंडळाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. पत्र दोन पानांचं ठेवा: एक नकाशा, एक तक्ता, तीन मागण्या. भावनिक मजकूर कितीही खरा असला तरी तो प्रत्यक्ष भेटीत सांगा.

तोवर घरात

वाऱ्याचा नकाशा इथेही कामाला येतो. कालिना-वाकोल्यात हिवाळ्यात पहाटे खिडक्या बंद, दहानंतर समुद्राचा वारा सुटला की सताड उघड्या. जरीमरीत नेमकं उलटं. खिडकीच्या एसीची बाहेरची हवा घेणारी झडप या वेळात बंद ठेवा.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेताना हेपा गाळणीवर भुलू नका; ती कण धरते, वायू नाही. वायूसाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तोही किलोच्या मापात. काळ्या पातळ जाळीत कोळसा नावापुरताच असतो. फॉर्मल्डिहाइड साध्या कोळशाला फारसं चिकटत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट लावलेले दाणे मिसळलेली गाळणी मागा. पावसाळ्यात कोळसा पाणी धरतो आणि लवकर थकतो. ओझोन सोडणारं यंत्र मात्र अजिबात घरात आणू नका: ओझोन इतर वायूंशी संयोग पावून नवं फॉर्मल्डिहाइड तयार करतो. उदबत्ती आणि सुगंधी फवारे वास झाकतात आणि हवेत भर घालतात.

पुन्हा मोजणी

विमानतळाकडून काही बदल झाल्याचं कळलं की त्याच गच्चीवर, त्याच माणसांनी, त्याच वेळा पाळून पुन्हा मोजा. जानेवारीची तुलना जुलैशी करू नका. पावसाळ्यातला नैऋत्येचा जोरदार वारा कुठल्याही उपायाशिवाय वास उडवून लावतो. फक्त त्याच दिशेचा, साधारण त्याच वेगाचा वारा असलेले तास बाजूला काढा आणि त्यांच्यातली 'ज'ची टक्केवारी आधीच्या टक्केवारीशेजारी ठेवा. दोन्ही वेळा असे किमान तीसेक तास हाताशी असावेत, त्याहून कमीवर निष्कर्ष काढू नये.